सत्तरीपार आजी-आजोबांचे आयुष्मान कार्ड: अडते ते आधारवरच

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहून वयाचीही सत्तरी ओलांडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. खरे तर त्यांच्या मुला-नातवांसाठी, कारण मोबाईल त्यांच्या हातात असतो. पेडणे, सांगे, काणकोण इथल्यांनाही यातले सगळे तसेच लागू आहे. गेले वर्षभर रविवारी सकाळी आमच्या देवळाच्या मंडपात बसून मी आयुष्मान वय वंदना कार्डे काढून देतो. काम दहा मिनिटांचे. तरी दर रविवारी दोघे-तिघे हात हलवीत परत जातात, आणि कारणे तीच तीच असतात.

आधी योजना काय आहे ते. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीत बसलेल्या कुटुंबांसाठी. त्यामुळे आपला तिच्याशी संबंध नाही, असे आपल्याकडे बहुतेकांनी धरून टाकले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना खुली झाली. मिळकत विचारत नाहीत, रेशन कार्डाचा रंगही विचारत नाहीत. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळात दाखल होऊन घ्यायचे उपचार त्यात बसतात. जुना मधुमेह, जुने हृदयाचे दुखणे असले तरी पहिल्या दिवसापासून. मात्र नवरा-बायको दोघेही सत्तरीपार असतील तर ५ लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नव्हेत.

‘बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गोंयकारांना जवळजवळ फुकटच आहे, मग हे कार्ड कशाला?’ हा प्रश्न मला दर रविवारी येतो आणि तो चुकीचा नाही. बांबोळीत भागत असेल तर कार्ड खिशात राहू द्या. पण वाळपईच्या पुढच्या वाड्यावरून बांबोळी गाठायला तासाहून अधिक लागतो, तारखा लांबच्या मिळतात, आणि आपल्या भागातली कितीतरी माणसे नातेवाईक तिथे आहेत म्हणून बेळगावला जातात. हे कार्ड देशभर चालते. योजनेत नोंदलेले इस्पितळ बेळगावचे असो की कोल्हापूरचे, गोव्याचे म्हणून परत पाठवता येत नाही. फक्त निघण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: इस्पितळ यादीत आहे का, आणि आपल्याला हवा तो विभाग यादीत आहे का. डोळ्यांसाठी नोंदलेले इस्पितळ गुडघ्यासाठी नोंदलेले असेलच असे नाही.

आता पात्रता. वय ७०, बस्स. यातही गोंधळ होतो, कारण दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पेन्शन साठीनंतर सुरू होते, म्हणून पासष्टीचे काका ‘मी सीनियर सिटिझन’ म्हणत पुढे येतात. काका, अजून पाच वर्षे. खासगी विमा असला किंवा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असले तरी कार्ड काढता येते. केंद्र सरकारचे पेन्शनर (सीजीएचएस) आणि माजी सैनिक (ईसीएचएस) यांना मात्र जुनी सोय किंवा ही, यांतली एकच निवडायची आहे. ती निवड घाईत करू नका. जुन्या सोयीत बाहेरच्या गोळ्या-औषधेही मिळत असतील तर ती सोडून या कार्डात येण्यात नुकसान होऊ शकते, कारण इथे ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, नाही. रोजच्या बीपीच्या गोळ्या, डॉक्टरची फी यातून भागत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्यापुरता तपासण्या-औषधांचा खर्च धरतात.

कागद एकच लागतो, आधार. आणि सगळी अडचण त्या एका कागदातच आहे.

पहिली अडचण मोबाईलची. आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. आमच्या वाड्यावरच्या एका आजीचा नंबर मुलाचा, आणि मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. ओटीपी गेला समुद्रात, कुठल्या बंदरात ते आजीलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या एकीचा नंबर लंडनला असलेल्या सुनेचा, तोही कधीचा बंद. अशा वेळी बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याची ओळख चालते, आयुष्मान ॲपमध्ये ती सोय आहे. ठशाच्या भरवशावर राहू नका. काजूच्या डिकाने आणि सुपारी सोलून ज्यांची बोटे घासून गेली आहेत त्यांचा ठसा यंत्राला सापडत नाही, चेहरा मात्र बहुधा सापडतो. आजीला खिडकीजवळ उजेडात बसवा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायला सांगा आणि डोळे मिचकावायला सांगा. हे सांगायला कोणी नसते म्हणूनच तीन-तीन वेळा नापास होते. सवड असेल तेव्हा आधार केंद्रात जाऊन घरातल्या, गावात राहणाऱ्या माणसाचा नंबर घालून घ्या. त्याला कसलाही कागद लागत नाही, ज्याचे आधार ते माणूस स्वतः लागते.

दुसरी अडचण खरी मोठी, जन्मवर्षाची. आज सत्तर पार केलेली इथली सगळी माणसे १९६१ च्या गोवा मुक्तीच्या आधी, पोर्तुगीज अमदानीत जन्मलेली. आधार काढताना कोणी विचारले, ‘आजी, जन्म कधीचा?’ आजी म्हणाली, ‘नाचणी कापायच्या वेळचा.’ ऑपरेटरने १ जानेवारी आणि मनाला येईल ते वर्ष टाकले. पंचाहत्तरीची बाई कागदावर अडुसष्ट वर्षांची झाली आणि संगणक म्हणतो, अपात्र. पंचायतीचा दाखला आणा, सरपंचांची सही आणा, या कार्डासाठी काही उपयोग नाही. वय आधारवर असेल तेच धरतात.

तारीख दुरुस्त करायची तर आधार केंद्राला जन्माचा पुरावा हवा. मतदार ओळखपत्र इथे चालत नाही, प्रतिज्ञापत्रावर तर पैसे घालवूच नका. पासपोर्ट असेल तर उत्तम. नाहीतर तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे जा. पोर्तुगिजांनी जन्मनोंदीची पद्धत १९१४ पासून लावली होती, त्यामुळे नोंद सापडण्याची शक्यता वाटते त्याहून बरी असते. वडिलांचे नाव, जन्माचा गाव आणि अंदाजे वर्ष सांगा, आणि पुढची-मागची दोन-तीन वर्षेही शोधायची विनंती करा. ‘फाल्यां या’ (उद्या या) हे ऐकायची तयारी ठेवून जा. घरातल्या कोणी पोर्तुगीज पासपोर्टासाठी कधी कागद जमवले असतील तर आधी ते कपाट उघडा. ज्या नोंदीसाठी तुम्ही कचेरीच्या पायऱ्या झिजवणार, तिची नक्कल तिथेच पडलेली असते.

नोंद सापडली की नवे कोडे. पोर्तुगीज वळणात ‘श’ साठी एक्स आणि ‘क’ साठी सी किंवा क्यू, त्यामुळे निबंधकाच्या वहीतले आडनाव आणि आधारवरचे आडनाव एकमेकांना ओळखत नाहीत. बायकांचे त्याहून कठीण. आपल्याकडे लग्नात सासरी नुसते आडनाव बदलत नसे, नावच बदलत असे. वहीत जी द्रौपदी ती आधारवर शांती. विवाहाची नोंद निबंधकाकडे असेल तर माहेरचे नाव दाखवणारी तिची प्रत सोबत न्या, कधी ती उपयोगी पडते, कधी समोरचा माणूस वाचायलाच तयार नसतो. नोंदच नसेल तर उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज करावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्षाहून जास्त उशीर झालेल्या नोंदीचा आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. सत्तरीच्या माणसाने सत्तर वर्षांचा उशीर कसा झाला हे लेखी कळवायचे, असा हा प्रकार आहे.

दोन ताकिदी. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा हातात पक्का कागद येईपर्यंत अंदाजाने हात घालू नका. आणि आधारवर वय आधीच ७० च्या वर दिसत असेल तर नावातली वेलांटी, आडनावाचे स्पेलिंग असले काही दुरुस्त करत बसू नका. कार्ड आधारवरूनच निघते, ते दुसऱ्या कशाशी ताडून बघत नाहीत. चांगले चाललेले आधार ‘नीट’ करायला जाऊन चार महिने अडकलेली माणसे मी पाहिली आहेत.

बाकी प्रक्रिया सोपी. आयुष्मान ॲप किंवा लाभार्थी पोर्टल उघडा, ७० वर्षांवरील नोंदणी निवडा, आधार नंबर घाला, ओळख पटवा, फोटो काढा, कार्ड उतरवून घ्या. जमत नसेल तर योजनेतल्या इस्पितळात आयुष्मान मित्र बसतो, तो काढून देतो. शेवटची तारीख कुठलीही नाही. ‘महिनाअखेर बंद होणार’ असा निरोप व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी फिरतो, तो पुढे पाठवू नका.

तारखेची भीती असलीच तर ती राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची ठेवा, कारण ते कार्ड वेगळे आहे आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. ती योजना २०१६ ची. गोव्यात किमान ५ वर्षे वास्तव्य हवे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा अधिक माणसांना ४ लाख. सावंतवाडी किंवा खानापूरहून आलेली सून पाच वर्षांच्या अटीत अडकते, तेव्हा लग्न झाल्यापासूनचा इथला राहता पत्ता दाखवणारे कागद तारखेनिशी जपून ठेवायला तिला आत्ताच सांगा. एक कार्ड दाखवून दुसऱ्याचे पैसे मिळत नाहीत. खिडकीवर दोन्ही पुढे करून ‘यातले कुठले चालते ते बघा’ म्हणू नका, नाव घेऊन सांगा.

आणि सांगायचे ते दाखल होतानाच. गेल्या पावसाळ्यात एका शेजाऱ्याला घेऊन आम्ही खासगी इस्पितळात गेलो. रात्रीची धावपळ, कार्ड घरी डब्यात, काऊंटरवर कोणी विचारले नाही आणि आम्हीही बोललो नाही. अनामत भरली, बिल भरले, चौथ्या दिवशी कार्ड घेऊन गेलो तेव्हा सांगण्यात आले की उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते, भरलेले पैसे आता परत नाहीत. नियम तसाच आहे, आधी भरा आणि मग मागा अशी सोय या योजनेत नाही. कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. यादीतले इस्पितळ कार्ड असूनही पैसे मागत असेल तर तिथेच उभे राहून योजनेच्या हेल्पलाइनचा १४५५५ हा नंबर लावा, घरी येऊन नको.

रविवारी मंडपात येणार असाल तर अकराच्या आत या, त्यानंतर तिथे नेटवर्क राहत नाही. येताना ज्यांचे कार्ड काढायचे त्यांनाच आणा. नुसते आधार घेऊन आलेल्या नातवाला मला परत पाठवावे लागते, आणि तो माझ्यावर रागावतो.