ओळखीचे खेळ (महाविद्यालयातील नवागतांसाठी)

ओळखीचे खेळ : महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या आणि एकमेकांना अनोळखी असलेल्या विद्यार्थ्यांनी आपसांत बोलू लागावे, म्हणून पहिल्या काही दिवसांत घेतले जाणारे छोटे सामूहिक खेळ. शिबिरांत आणि प्रशिक्षणवर्गांत त्यांना ‘आइसब्रेकर’ असेही म्हणतात. खेळ पाच मिनिटांचा असतो किंवा फार तर तासाभराचा. हारजीत जवळजवळ नसते, कागदपेनापलीकडे साहित्य लागत नाही आणि नियम एका दमात सांगून होतात. खेळ संपल्यावर दोन अनोळखी मुले एकत्र कँटीनकडे निघाली, तर तो साधला असे समजावे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना असे खेळ पूर्वीपासून माहीत आहेत, ते शिबिरांमुळे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत गाणी आणि मैदानी खेळ यांना मोठे स्थान होते. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली आणि गावोगावच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरांतून महाविद्यालयीन मुलांच्या कित्येक पिढ्या ‘शिवाजी म्हणतो’, ‘मामाचं पत्र हरवलं’, कानगोष्टी, ‘बोट बुडतेय, तीन-तीन जण’ असे खेळ खेळल्या. शिबिरातले विद्यार्थी मात्र आपण होऊन आलेले असत. वर्गात पहिल्या दिवशी बसलेल्या प्रत्येकाला तिथे यावेच लागलेले असते. शिबिरात रंगलेला खेळ सभागृहात अनेकदा पडतो, त्याचे एक कारण हे आहे.

भारतीय उच्च शिक्षणाच्या अधिकृत चौकटीत या खेळांना जागा मिळाली ती अलीकडे. गांधीनगरच्या आयआयटीने २०११ मध्ये नवागतांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) अभियांत्रिकीच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात सुरुवातीचा तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम अनिवार्य केला. पुढच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सर्व शाखांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. नव्या सोबत्यांना व वरच्या वर्गांतल्यांना भेटणे, संस्था आणि परिसराशी नाते जोडणे, नियम व सोयी समजून घेणे, प्रत्यक्ष अनुभव घेणे असे तिचे चार भाग आहेत. साधारण वीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक, ही या कार्यक्रमातली कल्पना ओळखीच्या खेळांसाठी फार मोलाची आहे. कागदावर ती सगळीकडे असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तीनशे मुले सभागृहात बसतात आणि व्यासपीठावरून भाषणे होतात. तीनशे जणांत खेळ होत नाही, फार तर टाळ्या होतात.

एकेकाने उभे राहून नाव, गाव, छंद सांगायचा ही सर्वांत रूढ पद्धत, आणि तीच सर्वांत कमी उपयोगाची. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाला अर्धा मिनिट दिले तरी अर्धा तास जातो. शिवाय आपली पाळी जवळ आली की आपण काय बोलायचे याची मनातल्या मनात उजळणी सुरू होते आणि आधीच्या माणसाचे बोलणे कानावर पडूनही डोक्यात राहत नाही. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रयोगाने हे दाखवून दिले. म्हणजे वर्ग नावे ऐकतो, पण लक्षात कोणाचेच राहत नाही.

याउलट जवळ बसण्यासारखी साधी गोष्ट दूरवर परिणाम करते. जर्मनीत लाइपझिग येथे मानसशास्त्राच्या ५४ नवागत विद्यार्थ्यांना पहिल्या भेटीत चिठ्ठ्या टाकून जागा देण्यात आल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, त्या दिवशी शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची मैत्री वर्षभरानंतरही इतरांपेक्षा अधिक घट्ट होती. खेळाचे अर्धे काम यातच आहे. एकाच शाळेतून किंवा क्लासमधून आलेली मुले पहिल्याच दिवशी एकत्र बसतात, आणि चिठ्ठी काढून जोडी शोधायचा खेळ त्यांना अलगद वेगळे करतो. एकाला ‘वडा’ मिळतो, दुसऱ्याला ‘पाव’. एकीला ‘विटी’, दुसरीला ‘दांडू’. जोडी सापडेपर्यंत दहाजणांशी बोलावे लागते आणि सापडली की बसायची जागा आपोआप ठरते.

उरलेले अर्धे काम बोलण्याचे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या प्रयोगात अनोळखी जोड्यांना ४५ मिनिटांत क्रमाक्रमाने अधिक आतले प्रश्न दिले आणि त्यांची उत्तरे दोघांनीही एकमेकांना द्यायची होती. इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांच्यात जास्त जवळीक निर्माण झाली. यातले ‘क्रमाक्रमाने’ आणि ‘दोघांनीही’ हे दोन शब्द आयोजकांनी पक्के धरावेत. पहिल्याच खेळात ‘आयुष्यातला सर्वांत दुःखद प्रसंग सांगा’ असे म्हणणे हा अत्याचार आहे. आधी जोडीत, मग दोन जोड्या मिळून चौघांत आणि सरतेशेवटी वीसजणांच्या गोलात, हा क्रम लाजऱ्या मुलांना सर्वाधिक मानवतो. गोलात बोलायची वेळ येते तेव्हा निदान तीन चेहरे तरी ओळखीचे झालेले असतात.

खेळ कोणता घ्यावा याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, त्यात काय विचारले जाते याला महत्त्व आहे. आपल्याकडे पहिल्या भेटीतले काही प्रश्न वरवर साधे असतात आणि आत धारदार. ‘आडनाव काय?’, ‘सीईटीला पर्सेंटाइल किती?’, ‘कितव्या राउंडला मिळालं?’ या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून समोरच्याची जात आणि प्रवेशाचा प्रवर्ग ताडला जातो, आणि कित्येक विद्यार्थ्यांसाठी मैत्रीची दारे तिथेच बंद होतात. मुंबईच्या आयआयटीने जुलै २०२३ मध्ये भेदभावविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड या प्रवेशपरीक्षेतला क्रमांक, गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुण किंवा जात उघड होईल अशी कोणतीही माहिती दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारणे अनुचित आहे, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. ओळखीच्या खेळालाही हाच नियम लागू करायला हवा. ज्या नावाने हाक मारलेली आवडते तेवढेच नाव घ्यावे. पूर्ण नाव हजेरीपटावर असतेच.

‘ओळख-बिंगो’ या खेळात चौकटींत वर्णने लिहिलेली असतात आणि ते वर्णन लागू पडणारी व्यक्ती शोधून तिची सही घ्यायची असते. ‘परदेशी जाऊन आलेला’, ‘कारने कॉलेजला येणारी’ अशा चौकटी पैशाने वर्ग विभागतात. ‘एसटीने तीन तासांहून अधिक प्रवास करून आलेला’, ‘भाकरी थापता येणारी’, ‘वारीत चाललेला’, ‘अजून समुद्र न पाहिलेली’ या चौकटींमध्ये लातूरच्या मुलाकडेही विचारण्याजोगे काही असते आणि दादरच्या मुलीकडेही. समुद्र न पाहिलेलीला कोणी हसू नये एवढे मात्र खेळ घेणाऱ्याने पाहावे. नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारे विशेषण लावायचा खेळही असाच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नाव सांगता येते, पण तो इंग्रजी विशेषणाशी अडतो. कोणत्याही भाषेत चालेल असे सांगितले की ‘पोहणारी पल्लवी’ आणि ‘खोडकर खंडू’ वर्गाच्या लक्षात वर्षभर राहतात.

हातात हात गुंतवून गाठ सोडवायचा खेळ पुष्कळ ठिकाणी हौसेने घेतला जातो. अनोळखी व्यक्तीचा स्पर्श नको असणारे विद्यार्थी, विशेषतः मुली, त्यात मुकाट्याने सहन करतात. पहिल्या दिवशी तो टाळावा. न बोलता जन्मतारखेच्या क्रमाने रांग लावायचा खेळ त्याहून सोपा आणि तितकाच हसरा आहे. अंध विद्यार्थी असेल तर त्यात बोलायला परवानगी द्यावी. सही गोळा करायच्या खेळाऐवजी तिथे आवाजाने जोडी शोधण्याचा खेळ घ्यावा.

या खेळांची सीमा रॅगिंगला भिडते, म्हणून ती नीट आखावी लागते. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय वसतिगृहांत ‘इंट्रो घेणे’ या शब्दामागे सीनियर मुलांनी चालवलेल्या छळाचा मोठा इतिहास आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग प्रतिबंधक कायदा असून दोषीला दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यूजीसीच्या २००९ च्या विनियमांनुसार, एरवी जे कोणी करणार नाही असे लाज वा मनस्ताप आणणारे कृत्य करायला लावणे हेही रॅगिंगच आहे. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, लिंग, भाषा, प्रदेश, आर्थिक स्थिती यांवरून होणारा त्रासही व्याख्येत आणला. त्याच विनियमांत नवागत व सीनियर यांच्या भेटीसाठी शिक्षकांच्या उपस्थितीत सांस्कृतिक कार्यक्रम व क्रीडा मोठ्या प्रमाणावर घ्याव्यात, असेही सांगितले आहे. म्हणूनच चांगल्या खेळात हरणाऱ्याला शिक्षा नसते, नाचायला किंवा नक्कल करायला भाग पाडले जात नाही आणि ‘माझी पाळी सोडा’ म्हणायची मुभा सुरुवातीलाच जाहीर केलेली असते. खेळ घेणारे दादा-ताई आधी स्वतः खेळून दाखवतात. सीनियर बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करत असतील, तर तो खेळ राहिलेला नसतो.

परिचय कार्यक्रमाची मोठी त्रुटी वेळापत्रकात आहे. केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) पुढच्या फेऱ्यांतून येणारे विद्यार्थी वर्गात पोहोचतात, तेव्हा खेळ आटोपलेले असतात आणि गट जमलेले असतात. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण आणखी मोठी, कारण त्यांच्या वर्गातल्या बाकीच्यांनी एक वर्ष एकत्र काढलेले असते. त्यांना आल्याआल्या प्रात्यक्षिकांच्या तयार तुकड्यांत ‘उरलेली जागा’ म्हणून टाकले जाते. शेवटच्या फेरीनंतरच्या आठवड्यात वर्गात पुन्हा एकदा जोडीचा खेळ घेणे आणि त्याच जोड्यांवरून प्रात्यक्षिकांच्या तुकड्या नव्याने पाडणे, हे विभागप्रमुखाच्या अखत्यारीत असते आणि त्याला एक तास पुरतो.