नवतपा आणि उणे 20 डिग्री

जानेवारीत घरच्या कूलरसाठी कंट्रोलर बनवला, आर्डुइनो उनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), तापमानाचा एक सेन्सर आणि पंप चालू-बंद करायला रिले, बस. कोड आधी लॅपटॉपवर चालवला, मग बोर्डावर टाकला, दोन्हीकडे मस्त चालला. मग नवतपा लागला, नागपूर 45 वर गेलं आणि भर दुपारी पंप बंद! स्क्रीनवर तापमान उणे 20.5. आई म्हणाली सेन्सर उन्हानं गेला असेल, मलाही तेच वाटलं, पण सेन्सर एकदम ठीक होता.

उनोच्या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारं हार्डवेअरच नाही, ते सॉफ्टवेअरनं करावं लागतं आणि हळू चालतं, म्हणून मी डिग्रीला 1000 ने गुणून पूर्णांक ठेवत होतो, साध्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायचा नेहमीचा प्रकार). आता सी या प्रोग्रामिंग भाषेचा नियम एवढाच की इंट कमीत कमी 16 बिटचा पाहिजे. लॅपटॉपवर तो 32 बिटचा असतो, उनोच्या एटीमेगा 328पी चिपवर 16 चाच, आणि 16 बिटात 32767 च्या वर काही मावत नाही. 45000 आला की आकडा फिरून 45000 वजा 65536, म्हणजे उणे 20536 होतो. (सी भाषा असं फिरण्याचीही हमी देत नाही, माझ्या बोर्डावर तसं झालं.) म्हणजे 32.767 डिग्रीपर्यंत सगळं बरोबर, आणि जानेवारीत आमची खोली कुठे तेवढी तापते!

इलाज सोपा आहे. 1999 च्या सी स्टँडर्डपासून इंट32_टी सारखे प्रकार मिळतात, त्यात बिट किती ते नावातच लिहिलेलं, मशीन कोणतंही असो. वेळेसाठी तर हे फारच गरजेचं. उनोचा मिलिसेकंदांचा काउंटर 32 बिटचा, साधारण 49 दिवस 17 तासांनी तो शून्यावर येतो, आणि आपल्याकडे कूलर त्याहून जास्त दिवस चालतो. जुनी वेळ नव्या वेळेतून वजा केली तर शून्य ओलांडतानाही उत्तर बरोबर येतं, पण दोन्ही आकडे 32 बिटचे आणि अनसाइन्ड, म्हणजे कधी उणे न होणारे, असतील तरच. अनसाइन्ड लाँग हा जुना प्रकार वापरला तर तो उनोवर आणि विंडोजवर 32 चा, 64 बिट लिनक्सवर मात्र 64 चा, आणि तिथे वजाबाकी फसते.

पण मला सर्वात जास्त फायदा झाला तो कोडचे दोन भाग केल्यावर. पंप चालवायचा की नाही हे ठरवणारा भाग एका फाइलमध्ये, त्याला पिन, रिले काही माहीत नाही, तो फक्त "तापमान दे", "वेळ दे", "पंप चालव" एवढंच मागतो. ही तीन कामं उनोसाठी एका फाइलमध्ये आणि लॅपटॉपसाठी दुसऱ्या फाइलमध्ये लिहिली, लॅपटॉपवाली खोटं तापमान देते, खोटी वेळ देते. त्यामुळे मार्च ते जून अख्खा उन्हाळा लॅपटॉपवर काही सेकंदांत चालवून बघता येतो, 10 डिग्रीपासून 50 पर्यंत. इंटचा घोळ मात्र लॅपटॉपवर दिसत नाही, त्यासाठी प्रत्येक बदलानंतर बोर्डावरही 33 आणि 45 हे दोन आकडे देऊन बघतोच.