आखूड काडतूस, लांब घर

रिव्हॉल्व्हर ज्या काडतुसासाठी बनवलेले आहे त्याहून लहान काडतूस त्यात भरून उडवणे, हा नेमबाज आणि शस्त्र परवानाधारक यांच्या गप्पांतला जुना विषय आहे. काडतूस दोन तऱ्हांनी लहान असू शकते. एक तर ते लांबीने आखूड असते, नाहीतर अंगाने बारीक. आखूड काडतूस काही ठरावीक जोड्यांत बिनधोक चालते. बारीक काडतूस जवळजवळ कधीच चालत नाही. शिवाय आखूड आहे म्हणून ते सौम्यच असेल, असेही नाही. या शेवटच्या गैरसमजातून अपघात होऊ शकतात.

ही सोय मुळात रिव्हॉल्व्हरच्या रचनेत आहे. काडतुसे ज्यात भरतात त्या फिरत्या चक्रातल्या प्रत्येक घरात, म्हणजे भोकात, काडतूस मागून सरकवले जाते आणि त्याच्या बुडाची कड घराच्या तोंडाशी अडकते. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, पुढे कितीही आखूड असली तरी बूड जागच्या जागी राहते, त्यामुळे घोड्याचा फटका कॅपवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीवर, नेमका बसतो. चक्र फिरते ते ट्रिगरच्या किंवा घोड्याच्या ओढीने. त्यासाठी बाराचा जोर लागत नाही. स्वयंचलित पिस्तुलाचे तसे नाही. तिथे पुंगळी बाहेर फेकणे आणि नवे काडतूस वर घेणे, दोन्ही बाराच्या धक्क्यावर चालते. कमी जोराचे काडतूस आले की पिस्तूल अडते.

सर्वांत प्रसिद्ध जोडी .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांची. पहिले १८९८ सालचे, दुसरे १९३०च्या दशकातले. नावांत फरक दिसला तरी दोघांच्या गोळीची जाडी एकच आहे, इंचाच्या सुमारे ०.३५७ भाग. मॅग्नमची पुंगळी मात्र ३ मिलिमीटरहून थोडी अधिक लांब आहे, आणि ही लांबी मुद्दाम ठेवलेली आहे. जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये कोणी मॅग्नम भरू नये, म्हणून ते चक्राबाहेर डोकावेल असे केले. अमेरिकन मानकानुसार .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, तर .३५७ मॅग्नमचा ३५,०००. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल चालते. स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम कदापि नाही. .४४ स्पेशल (१९०७) आणि .४४ मॅग्नम (१९५५) यांचे नातेही असेच आहे. बत्तीसच्या घराण्यात तर एकाच घरात चार पिढ्या नांदतात: .३२ स्मिथ अँड वेसन, त्याचेच लाँग, १९८४ चे एच अँड आर मॅग्नम आणि त्यानंतरचे .३२७ फेडरल मॅग्नम. शेवटच्यासाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये आधीची तिन्ही बसतात.

लोक हे करतात त्याची कारणे साधी आहेत. धक्का कमी बसतो, आवाज कमी होतो, नवशिक्याचा हात दचकत नाही आणि सरावाचा खर्चही आटोक्यात राहतो.

याची किंमत मात्र चक्राच्या सफाईत मोजावी लागते. आखूड पुंगळीचे तोंड घरात जिथे संपते, नेमक्या त्याच जागी प्रत्येक बाराची काजळी आणि शिशाचे कण साठतात. काही डझन बारांनंतर रिकामे चक्र उजेडाकडे धरून पाहिले, तर घराच्या आत काळपट राखाडी कडे स्पष्ट दिसते. मग कधी लांब काडतूस भरायला घेतले की ते या कड्याला अडते आणि बूड बाहेर राहून चक्र फिरेनासे होते. जोर लावून आत ढकलले, तर पुंगळीचे तोंड कड्यात आवळले जाते, गोळी सुटायला अडथळा होतो आणि दाब वाढतो. म्हणून आखूड काडतुसांचा सराव झाल्यावर पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने घरे त्याच दिवशी घासून काढायची असतात. दुसरा परिणाम नेमावर होतो. गोळीला नळीत शिरण्यापूर्वी थोडी अधिक मोकळी वाट कापावी लागते, वेगही बदलतो, त्यामुळे लक्ष्यावरचा ठिपका सरकतो. पंधरा यार्डांवर हा फरक हौशी माणसाला कळणारही नाही. स्पर्धकाला तो पहिल्याच मालिकेत कळतो.

जाडीत फरक असला की प्रकरण वेगळेच होते. .२२ लाँग रायफलचे काडतूस .२२ मॅग्नमच्या घरात सैलसर बसते. गोळीची जाडी जवळपास सारखी, पण मॅग्नमची पुंगळी अंगाने जाड आहे. बार उडाला की लाँग रायफलच्या पातळ पुंगळीला चारी बाजूंनी आधार मिळत नाही. ती फुगते, उभी चिरते आणि तप्त वायू मागे येतो. म्हणूनच ज्या रिव्हॉल्व्हरवर ही दोन्ही काडतुसे चालवायची असतात, त्याच्यासोबत कंपन्या दोन वेगळी चक्रे देतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला पुरवलेल्या स्मिथ अँड वेसनच्या .३८ रिव्हॉल्व्हरांचीही हीच कथा. युद्धानंतर त्यांतल्या अनेकांची घरे खोल कोरून ती .३८ स्पेशल म्हणून विकली गेली. पण मूळ काडतूस अंगाने अधिक जाड होते, त्यामुळे त्यांतून निघालेल्या पुंगळ्या बुडाशी फुगलेल्या असतात, कित्येकदा फुटलेल्याही. गोळीच नळीपेक्षा बारीक असेल तर ती नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत धरलीच जात नाही. वायू बाजूने निसटतात आणि गोळी कोलांट्या खात जाते.

भारतीय परवानाधारकाने सर्वांत जपायचे ते बत्तीसच्या घोळाला. आपल्याकडे नागरिकांना मिळणारे .३२ रिव्हॉल्व्हर, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचे २०१४ सालचे ‘निर्भीक’ धरून, .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचे असते. त्याची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब. ‘अशनी’सारखे .३२ पिस्तूल .३२ एसीपीचे असते, पुंगळी सुमारे १७ मिलिमीटर. दोन्हींना बोलण्यात ‘बत्तीस बोअर’च म्हणतात. पिस्तुलाच्या काडतुसाला अर्धी का होईना, कड असते आणि अंगाची जाडीही जवळपास तीच, त्यामुळे ते रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊन बसते. वर आखूडही दिसते, म्हणजे माणूस निर्धास्त. प्रत्यक्षात अमेरिकन मानकांत त्याचा कमाल दाब २०,५०० पौंड आणि रिव्हॉल्व्हरच्या लांब काडतुसाचा १५,०००. काडतूस बसले म्हणजे चालले असे धरणाऱ्याची इथे फसगत होते. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का जुळतो का, एवढेच पाहायचे.

कायद्यालाही हा प्रश्न परका नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांच्या (२०१६ पर्यंत लागू) परिशिष्टात प्रतिबंधित शस्त्रे ठरवताना केवळ बोअर, म्हणजे नळीचा व्यास, पाहिलेला नव्हता. .३८० किंवा .४५५ ची कडेची काडतुसे ज्यात भरून उडवता येतील, असे कोणत्याही बोअरचे रिव्हॉल्व्हर त्यात धरले होते. म्हणजे चक्राच्या घरात काय मावते, यावर परवान्याचा प्रकार ठरत होता.

कोल्हापुरात बंदुकीची ओळख जुनी आहे. दाजीपूरचे जंगल संस्थानचे शिकारीचे रान होते, आणि नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शस्त्रे व पेंढा भरलेली जनावरे आजही शेजारी शेजारी पाहायला मिळतात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे आता शहराची ओळख नेमबाजीची आहे. खेळात मात्र काडतूस बदलण्याची मुभा जवळजवळ नसते. राहीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, तो .२२ लाँग रायफलचा. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात एकेकाळी .२२ शॉर्ट हे आखूड काडतूस सर्रास वापरले जाई, कारण झटपट पाच बारांत कमी धक्का म्हणजे मोठाच फायदा. २००५ पासूनच्या नियमांनी ते बाद केले.

कोल्हापूरकराच्या मनात आणखी एक विचार येऊ शकतो: उद्यमनगरात, शहरातल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर काय होत नाही? चक्राच्या घरात बसेल आणि बारीक काडतूस धरेल अशी नळकांडी कातून द्यायला तिथल्या कारागिराला फार वेळ लागणार नाही. पण शस्त्राचे रूपांतर आणि दुरुस्ती, एवढेच काय त्याची चाचणी घ्यायलाही शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. ज्याच्या हातात कातलेला भाग सापडेल तो आणि ज्याने तो कातून दिला तो, दोघेही गोत्यात येतात. काडतुसेही परवान्यावर लिहिलेल्या बोअरचीच मिळतात आणि त्यांची नोंद ठेवली जाते. त्यामुळे .३२ च्या परवान्यावर दुसऱ्याच बोअरची काडतुसे राहत्या घरात सापडली, तर ‘सरावाला आणली होती’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.