आरंभबिंदू कुणाचा? निर्देशक-रूपांतराची पार्श्वभूमी

नागपुरातील झिरो माइलच्या खांबाकडे बोट दाखवून ‘हा देशाचा मध्यबिंदू’ असे पाहुण्यांना सांगण्याची आपल्याकडे रीत असली, तरी तो खांब मुळात त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची (कोन मोजून केलेल्या जमीन-मोजणीची) खूण आहे, आणि त्या सर्वेक्षणाच्या अक्षांश-रेखांशांचा आरंभबिंदू नागपूर नसून मध्य प्रदेशातील कल्याणपूर होता. तेथील गणिते १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिमानावर, बेतलेली होती, तर आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या प्रतिमानावर चालते. म्हणून जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षणाच्या नकाशावरचे) आकडे रूपांतर न करता मोबाइलच्या नकाशात टाकले, की खांब सरकलेला दिसतो.

भौतिकशास्त्रातील घटना पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसमोरचा प्रश्नही याच जातीचा आहे: एका पद्धतीतले निर्देशक, म्हणजे स्थान सांगणारे आकडे, दुसऱ्या पद्धतीत कसे न्यायचे? देकार्तने १६३७ मध्ये भूमितीला बीजगणिताची जोड दिली. पण फिरवणे आणि सरकवणे ही दोन्ही कामे एकाच गुणाकारात बसवण्याची सोय मोबियसच्या १८२७ मधील समघाती निर्देशकांमुळे (बिंदूला एक जादा आकडा जोडणाऱ्या पद्धतीमुळे) झाली, आणि १९६० च्या दशकात लॉरेन्स रॉबर्ट्सने ती संगणकीय चित्रणात आणल्यावर चार बाय चारचे मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) हा या सॉफ्टवेअरचा कणा बनला. हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेली क्वाटर्नियन्स, म्हणजे फिरवणे मांडता येणाऱ्या चार घटकांच्या संख्या, केन शूमेकने १९८५ मध्ये ॲनिमेशनसाठी पुढे आणली.

खरी मेख मात्र सदिशांत, म्हणजे दिशा असलेल्या राशींत, आहे. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या सरळ तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा त्रिज्यीय घटक (तारेपासून बाहेरच्या दिशेतला) ० असतो; उरतो तो कोनीय घटक, तारेभोवती फिरणाऱ्या दिशेतला. तारेपासून वाय-अक्षाच्या दिशेने २ एककांवर कोनीय घटक ३ आहे असे समजा. बिंदूचे एक्स-वाय अक्षांवर (०, २) असे रूपांतर केले आणि क्षेत्राचे आकडे तसेच ठेवले, तर बाण (०, ३) असा निघतो. खरा सदिश (−३, ०) आहे, कारण कोनीय दिशा जागेगणिक वळत जाते. ही चूक सर्वत्र झाली, की तारेभोवती फिरणारे क्षेत्र वाऱ्याने एकाच बाजूला लवलेल्या ज्वारीसारखे दिसते.

याखेरीज संकेतांचा घोळ आहेच. भौतिकशास्त्रात थीटा हा कोन झेड-अक्षापासून मोजतात, तर गणिताच्या अनेक पुस्तकांत ते काम फाय या कोनाकडे असते. पडद्यावरील चित्र वरून खाली ओळीओळीने रेखण्याच्या पद्धतीमुळे पिक्सेलचा वाय-अक्ष बहुधा खाली वाढतो. त्याचे चिन्ह बदलणारी ओळ लिहायची राहिली, तर काट्यांच्या उलट फिरणारा इलेक्ट्रॉन पडद्यावर काट्यांच्या दिशेने फिरू लागतो, आणि प्रयोगशाळेतला विद्यार्थी अर्धी दुपार बलाचे समीकरणच तपासत बसतो.