अ‍ॅजाइल कोच

अ‍ॅजाइल कोच म्हणजे थोडे काम पुरे करून ग्राहकाला दाखवायचे, त्याचे म्हणणे ऐकून पुढचे ठरवायचे, ही ‘अ‍ॅजाइल’ पद्धत संस्थेत रुजवणारी व्यक्ती. कामे वाटणे, रजा मंजूर करणे किंवा उशिराचा जाब विचारणे हे अधिकार कोचकडे नसतात. नवख्या टीमचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्ये आणि १२ तत्त्वे आहेत. कोचचा उल्लेख नाही. ती भूमिका त्याआधी सॉफ्टवेअर तज्ज्ञ केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत होती. स्क्रम या अ‍ॅजाइल कामाच्या चौकटीत प्रॉडक्ट ओनर (आधी काय करायचे ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (टीमला ही चौकट पाळायला मदत करणारा) आणि डेव्हलपर (प्रत्यक्ष काम करणारे) एवढ्याच जबाबदाऱ्या आहेत. स्क्रम मास्टर साधारणपणे एका टीमकडे पाहतो, तर कोच अनेक टीम आणि त्यांच्यावरचे व्यवस्थापन यांच्यात वावरतो.

शिकवणे, अनुभवातून सल्ला देणे, बैठक नीट चालवून देणे आणि प्रश्न विचारून टीमलाच उत्तर शोधू देणे, अशी त्याची कामे सांगतात. शेवटचे सर्वांत अवघड, कारण उत्तर ठाऊक असूनही गप्प बसावे लागते.

देवगड किंवा रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेसाठी हापूसच्या थेट विक्रीचे अ‍ॅप तयार होत आहे असे धरू. मुख्य हंगाम मार्च ते मे. मोहोर उशिरा आला तर हंगाम लांबेल. अ‍ॅप अर्धवट आहे म्हणून लांबणार नाही. तारीख हलत नसेल तर कामाची यादीच आखडावी लागते. संस्थेला मात्र सगळेच हवे असते: पेट्यांची नोंदणी, ऑनलाइन पैसे, पार्सलचा माग, २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची खूण सांगणारा क्यूआर कोड, मुंबई-पुण्याच्या वितरकांचा हिशेब. ही यादी कोच छाटत नाही, ते प्रॉडक्ट ओनरचे काम. तो एवढेच विचारतो, “यातले काय नसेल तर पहिली पेटी विकताच येणार नाही?”

मग दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा छोटा टप्पा, होतो आणि तयार झालेला भाग पॅकिंग शेडमध्ये प्रत्यक्ष बागायतदाराच्या हातात दिला जातो. अ‍ॅप किलो विचारते. बागायतदार भाव सांगतो तो पेटी पाच डझनी की सहा डझनी यावर. ही चूक मेमध्ये कळण्यापेक्षा फेब्रुवारीत कळलेली बरी.

खरी अडचण पुष्कळदा टीमच्या वर असते. संचालक मंडळ महिन्यातून एकदा बसत असेल आणि प्रत्येक बदलाला ठराव लागत असेल, तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला अर्थ उरत नाही. निर्णयाचा अधिकार एका माणसाला द्या, हे अध्यक्षांना पटवणे हा कोचच्या कामाचा मोठा भाग, आणि सर्वांत कमी दिसणारा. रेट्रोस्पेक्टिव्ह या आढावा बैठकीतही गाव आडवे येते. एकाच वाडीतला धाकटा मुलगा सर्वांसमोर ‘दादा, तुमचं चुकलं’ म्हणत नाही. म्हणून जाणता कोच आधी निनावी चिठ्ठ्या लिहून घेतो.

या भूमिकेवर टीकाही होते. दोन-तीन दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर प्रमाणपत्र मिळते, आणि १५ मिनिटांची रोजची बैठक हजेरी घेण्यापुरती उरते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेने अ‍ॅजाइल विभागातील ११०० हून अधिक पदे रद्द केली आणि ती कामे अभियंते व प्रॉडक्ट मॅनेजर यांच्याकडे दिली.

लहान संस्थेला पूर्णवेळ कोच परवडत नाही आणि लागतही नाही. महिन्यातले काही दिवस येणारा कोच टीममधल्याच एकाला स्क्रम मास्टर म्हणून तयार करतो. आंब्याच्या व्यवसायात या शिकवणीला पावसाळा सोयीचा, कारण एप्रिलमध्ये पेट्या भरायच्या सोडून कोणी कार्यशाळेला बसणार नाही.