नो-प्रॉम्प्ट म्हणजे फोर्स नव्हे!

टर्मिनलवरून ग्नोममधून (लिनक्सवरचा डेस्कटॉप) लॉगआउट कसं करायचं हे कोणालाही विचारा, एक म्हणणार --नो-प्रॉम्प्ट लाव, दुसरा म्हणणार --फोर्स लाव, आणि तिसरा येऊन सांगणार की दोन्ही एकच. नाहीये रे बाबा एकच, किती वेळा सांगायचं.

त्यासाठीची कमांड ग्नोम-सेशन-क्विट तुम्ही वापरताच, --लॉगआउट डिफॉल्ट आहे, --रीबूट आणि --पॉवर-ऑफ नावावरूनच कळतात, ते सोडा.

घोळ इथे होतो. सेशन (म्हणजे तुमचं लॉगिन ते लॉगआउट) बंद करण्याआधी ते सांभाळणारा सेशन मॅनेजर दोन वेगळ्या गोष्टी बघतो. एक, तुम्हाला विचारतो, नक्की जायचंय का, तोच तो 60 सेकंद उलटे मोजणारा डायलॉग. दोन, चालू प्रोग्रामपैकी कोणी हरकत घेतलीये का ते तपासतो, ह्याला इनहिबिटर म्हणतात, म्हणजे फाइल मॅनेजरमधून पेनड्राइव्हवर मोठी कॉपी चालू असेल तर तो 'आत्ता नको' अशी हरकत टाकून बसलेला असतो. नो-प्रॉम्प्ट फक्त पहिला प्रश्न गाळतो. हरकत शिल्लक असेल तर डायलॉग परत समोर येतोच, आणि मग लोक ओरडतात की ऑप्शन चालत नाही, बग आहे. अहो, मला विचारू नको एवढंच तुम्ही म्हणालात, कॉपीचं काय करायचं ते कुठे सांगितलंत? फोर्स मात्र प्रश्नही गाळतो आणि हरकतही धुडकावतो. डी-बसवरच्या (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती वाट) लॉगआउट मेथडला तर हे आकड्यांतच द्यावं लागतं, 0 म्हणजे नेहमीसारखं, 1 म्हणजे विचारू नको, 2 म्हणजे जबरदस्ती.

पटत नसेल तर करून बघा. आधी हातातलं सगळं सेव्ह करा, मग एका टर्मिनलमध्ये ग्नोम-सेशन-इनहिबिट --इनहिबिट लॉगआउट स्लीप 600 चालवा, दुसऱ्यात ग्नोम-सेशन-क्विट, आधी नो-प्रॉम्प्ट लावून आणि मग फोर्स लावून. (--इनहिबिट लॉगआउट लिहायला विसरू नका, नाहीतर तो डिफॉल्टने फक्त आयडल, म्हणजे मशीन रिकामं पडल्याची नोंद, अडवतो आणि तुम्ही मला शिव्या घालाल.) आणि कमांडपुढे सुडो लावू नका प्लीज, त्याने ती रूट म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून चालते आणि रूटच्या सेशन बसवर (त्याच्या सेशनच्या डी-बसवर) तुमचा सेशन मॅनेजर नसतोच.

माझं मत विचाराल तर शॉर्टकटला नो-प्रॉम्प्टच बांधा. मी एकदा फोर्स बांधला होता, अर्धा बॅकअप पेनड्राइव्हवर, अर्धा हवेत.

लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन ही वेगळी कमांड ह्यात ओढू नका, तो कोणाला विचारत नाही की सांगत नाही, थेट सेशनच्या सगळ्या प्रोसेस मारतो. डेस्कटॉप गोठलाय आणि तुम्ही दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरलाय, तेव्हाचं ते काम.

अजून एक, --पॉवर-ऑफ --नो-प्रॉम्प्ट अशी जोडी दिसली की डोकंच फिरतं. नो-प्रॉम्प्ट फक्त लॉगआउटसोबत चालतो, मॅन पेजवर (कमांडच्या माहितीपानावर) लिहिलंय. स्क्रिप्टमधून मशीन बंद करायचंय तर सरळ सिस्टमसीटीएल पॉवरऑफ लिहा ना.