वादळात लाईट गेली, तर महावितरणकडून भरपाई मिळते का?

मे-जूनच्या वादळात जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीबरोबर विजेचे खांबही आडवे होतात. भरपाई मागायला गेलं की कार्यालयात उत्तर तयार असतं, "नैसर्गिक आपत्ती आहे, काही मिळत नाही." हे अर्धंच खरं आहे.

वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार, ठरलेल्या मुदतीत पुरवठा सुरू झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. मुदती राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहेत. उदाहरणार्थ, ग्रामीण भागात जळालेली डीपी (ट्रान्सफॉर्मर) ४८ तासांत बदलायला हवी. वादळ-पुरासाठी कंपनीला सूट आहे, पण बिघाड हलगर्जीपणामुळे किंवा देखभाल न केल्यामुळे झाला असेल तर ती सूट चालत नाही. सगळा वाद इथेच अडतो. म्हणून लोंबणाऱ्या तारा, वाकलेला खांब, तारांत घुसलेल्या फांद्या यांचे फोटो आणि लेखी तक्रार पावसाळ्याआधीच देऊन ठेवा. वादळानंतर हाच कागद सर्वांत जास्त कामाला येतो.

भरपाईसाठी अर्ज अधिकृत जोडणी असलेला कोणीही ग्राहक करू शकतो, घरगुती असो की कृषिपंपाचा. आकडा टाकणाऱ्याला अर्थातच नाही.

लाईट गेली की लगेच महावितरणच्या १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपा. वायरमनला तोंडी सांगितलं तर त्याची नोंद राहत नाही, आणि मुदत तक्रारीपासून मोजतात. "कोणीतरी फोन केला असेल" म्हणून अख्खी गल्ली गप्प बसते, तसं करू नका. पुरवठा सुरू झाल्याची तारीख-वेळही लिहून ठेवा.

पुरवठा बंद पडल्यापासून ६० दिवसांच्या आत उपविभागीय कार्यालयात लेखी दावा द्या. त्यात १२ अंकी ग्राहक क्रमांक, तक्रार क्रमांक, डीपी कोणती, लाईट कधी गेली-कधी आली हे लिहा. सोबत ताजं बिल, फोटो आणि आधीच्या तक्रारीची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. एका डीपीवरचे ग्राहक एकत्र गेले तरी दावा ज्याचा त्याने स्वतंत्र द्यावा.

दाद लागली नाही तर जळगाव परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येतं, वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

रक्कम उशिराच्या तासांवर ठरते, त्यामुळे फार मोठी नसते. आडव्या झालेल्या केळीचं नुकसान यात मागू नका. त्यासाठी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, विमा असेल तर विमा कंपनीला वेगळं कळवा.